छत्तीस अक्षरांच्या गावची सून

देवासच्या सातपुत्यांकडे नाव घातल्याशिवाय भांडं स्वयंपाकघरात जात नसे, आणि नाव ठेवल्याशिवाय सून. भांड्यांसाठी दुकानात मशीन होतं, ते विनोदिनीबाईंचा मुलगा बापू चालवी. सुनांचं काम विनोदिनीबाई स्वतः करत. त्याला मशीन लागत नसे.

घर कासारांचं. पवार राजांच्या मागोमाग दक्षिणेतून जे आले, त्यांत कुणी तलवार घेऊन आलं, कुणी दौत घेऊन. सातपुते हातोडी घेऊन आले. तलवारी आता भिंतींना टांगल्यात, दौती वाळल्यात, हातोडी अजून चालते, असं विनोदिनीबाई पाहुण्यांना सांगत. पाहुणे दौतवाल्यांपैकी असले तर जरा मोठ्यानं सांगत.

त्यांची स्वतःची शाळा दुसरीत संपली, तीही धारला, माहेरी. पेपर आला की त्या फोटो बघून माणसांना नावं ठेवत, मजकुराच्या वाटेला जात नसत. पण भांड्यावरचं नाव त्या न बघता, नुसत्या अंगठ्यानं वाचत. भांडी गावभर फिरतात. कुणाच्या सत्यनारायणाला जातात, कुणाच्या तेराव्याला. नाव असतं ते घरी परत येतं, नसतं ते गावचं होतं.

आणि नावाची किंमत त्यांना ठाऊक होती, कारण माहेरी त्या धोंडी होत्या. आधीची भावंडं टिकली नाहीत, तेव्हा हिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून आईबापांनी धोंडी ठेवलं. नजर पडली नाही, हे खरंच. लग्न होऊन सासरी आल्या, लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरले, सासूनं एकदा तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "विनोदिनी." नवऱ्यानं अंगठीनं तसं लिहिलं. सासूनं पुढे पुष्कळ काही दिलं, त्यातलं बरंचसं सांगण्यासारखं नाही. पण नाव दिलं ते सोनं होतं.

तो हक्क सासूमागे त्यांच्याकडे आला. बापूची बायको कन्नौदहून गुड्डी म्हणून आली, ती तांदळात अपूर्वा झाली. आधार कार्डावर गुड्डीच राहिली. बँकेतला माणूस विचारतो, ही कोण आणि ती कोण? अपूर्वा सांगते, दोघी मीच. त्याला पटत नाही, पण तो बँकेचा प्रश्न.

तर अपूर्वाचा मुलगा विहंग. इंदूरला नंबर लागला नाही म्हणून डॉक्टर व्हायला आर्मेनियाला गेला. हा देश कुठे, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. इराणच्या पलीकडे, रशियाच्या अलीकडे, असं त्यानं सांगितलं. धामनोदच्या पुढे सगळं सारखंच, म्हणून विनोदिनीबाईंनी ते तिथेच सोडलं. काही वर्षांनी तो परत आला. इथली परीक्षा अजून व्हायची होती. लग्न झालं होतं.

मुलगी तिथली. येरेवानच्या एका शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवायची. नाव हृप्सिमे. कचेरीत सह्या करून झालेलं लग्न विनोदिनीबाईंच्या लेखी लग्न नव्हतं. रविवारी सकाळी विधी, संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि नाव, असं त्यांनी ठरवलं. तोवर ती पाहुणी. ती अपूर्वाच्या खोलीत झोपे आणि विहंग दुकानाच्या माळ्यावर, परातींच्या शेजारी. "अपन शादीशुदा आहोत, आजी," असं तो एकदा म्हणाला. विनोदिनीबाईंनी ऐकलं नाही.

सातपुत्यांची रीत अशी की लक्ष्मीपूजनाला सुनेच्या मागे तिची भांडी मांडायची, तिच्या नावाची. म्हणून विहंगचं लग्न कळल्या आठवड्यातच विनोदिनीबाईंनी दुकानातली चांगली तांब्याची भांडी निवडली, घागर, कळशी, परात, उतरती पातेली, आणि बापूकडून प्रत्येकावर "सौ. स्वानंदी" घालून घेतलं. पोर अजून विमानातसुद्धा बसली नव्हती. बापू म्हणाला, "आई, एकदा विचारून घेऊ का?"

"भांड्याला विचारून नाव घालतोस का रे तू?"

भांडी कोपऱ्यात जुन्या साडीखाली झाकून ठेवली. घातलेलं नाव पुसता येत नाही, हे कासाराच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही.

हृप्सिमेनं इकडे यायच्या आधी बालवाडीचं पुस्तक आणून देवनागरी अक्षरं शिकून घेतली होती. मराठी विहंगकडून उचलली होती, त्यामुळे तिच्या मराठीत अर्धं मालवी आणि पाव हिंदी होतं. गुरुवारी दुपारी कणीक मळायला परात हवी म्हणून तिनं ती साडी उचलली आणि एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं.

"आजी, स्वानंदी कोण?"

"तू," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"मी हृप्सिमे."

"रविवारपर्यंत."

पोरीनं परात खाली ठेवली. आवाज होऊ दिला नाही. मग म्हणाली, "नाही, आजी."

त्या स्वयंपाकघरात हा शब्द दूधवाल्याखेरीज कुणी वापरत नसे. अपूर्वानं उगाच गॅस मोठा केला. विहंग दारात येऊन उभा राहिला.

"का? नाव वाईट आहे?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"छान आहे. पण मला मावत नाही."

"आजी, ती असं म्हणून राहिली की..." विहंग मधे पडला.

"तिचं मला कळतंय. तुझं कळत नाही. तू दुकानात जा." तो गेला नाही. विनोदिनीबाई हृप्सिमेकडे वळल्या. "बस. का मावत नाही ते सांग. आणि मळता मळता सांग, फुकट बसून ऐकायची मला सवय नाही."

हृप्सिमेनं कणीक घेतली आणि सांगायला लागली. "आमच्याकडे आधी अक्षरं नव्हती."

"म्हणजे अडाणी होता तुम्ही."

"बोलायचो. लिहायचो नाही. देवळात पुजारी वाचायचा ग्रीक, नाहीतर सीरियाची भाषा. लोक उभे राहायचे. कळायचं नाही."

"इथेही तसंच आहे. पुढे."

"देश दोन राजांनी वाटून घेतलेला. एकीकडे इराण, एकीकडे रोम. आपली अक्षरं नसतील तर थोड्या दिवसांनी अर्धे लोक इराणी, अर्धे रोमी. आर्मेनियन कुणी नाहीच. मग एक माणूस होता, मेस्रोप. आधी आमच्या राजाच्या कचेरीत होता, मग साधू झाला."

"कारकून साधू झाला?" विनोदिनीबाईंनी अपूर्वाकडे बघितलं. "ऐक. चमत्कार तिकडेही होतात."

"एका परदेशी बिशपकडे जुनी अक्षरं होती, ती आणली. मुलांना शिकवली, खूप दिवस. पण आमचे आवाज त्यात मावेनात."

"उसनी अक्षरं."

"हो. उसनी."

"दुसऱ्या पातेल्याचं झाकण," विनोदिनीबाई म्हणाल्या. "वरून बसल्यासारखं वाटतं. वाफ सगळी जाते. मग काय केलं त्यानं?"

"मग फिरला. शिष्य घेऊन, गावोगाव, पंडितांकडे. कुणाकडे काही मिळालं नाही. मग स्वतःच केली, प्रार्थना करून. छत्तीस."

"एकट्यानं?"

"त्यानं मनात केली. आकार सुंदर करायला एक लिहिणारा होता, कारागीर. त्याच्याकडून करून घेतली."

विनोदिनीबाई सरसावून बसल्या. "म्हणजे साधूनं सांगितलं आणि कारागिरानं घडवली."

"हो."

"आणि नाव कुणाचं झालं?"

"साधूचं. त्याचे पुतळे आहेत, रस्ते आहेत."

"आणि कारागिराचा पुतळा?"

हृप्सिमेनं विहंगकडे बघितलं. विहंगनं छताकडे.

"नसणारच," विनोदिनीबाई म्हणाल्या. हा देश आता त्यांना ओळखीचा वाटायला लागला होता.

मग ती अक्षरं घेऊन साधू परतला, तेव्हा राजा सगळ्या लोकांना घेऊन नदीकाठापर्यंत सामोरा गेला, गाणी म्हणत. राजा सामोरा गेला हे विनोदिनीबाईंनी पुन्हा सांगायला लावलं. सोळाशे वर्षं झाली, अक्षरं तीच आहेत, असं पोर म्हणाली. सोळाशे वर्षांत कल्हई किती वेळा केली, असं त्यांनी विचारलं. विहंगला कल्हईचं भाषांतर आलं नाही.

पोरीनं परातीत कोरडं पीठ पसरलं आणि बोटानं पहिलं अक्षर काढलं. पाण्याचा पेला असावा आणि त्याला बुडाशी उजवीकडे शेपूट फुटावं, तसं. "हे आयब. आमच्या भाषेत देवाचं नाव ह्यानं सुरू होतं." मग उभ्या पळीला खाली आडवी काडी लावावी तसं एक काढलं. "हे छत्तिसावं. ह्यानं ख्रिस्ताचं नाव."

"आधी देव, शेवटी देव, मधे माणसं. बरोबर आहे."

"पण आता शेवटी नाही. पुढे पाचसहाशे वर्षांनी अजून दोन आली. ओ आणि फे. त्यांचे आवाज बाहेरून आलेल्या शब्दांत होते."

"सुना," विनोदिनीबाई म्हणाल्या. "मधे घुसल्या?"

"नाही. रांगेत मागे उभ्या राहिल्या, शेवटी."

"संस्कार."

अपूर्वा पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

तिकडे पहिलीची पोरं सगळी अक्षरं शिकली की शाळेत सण होतो. प्रत्येक पोर एकेका अक्षराचा पोशाख करतं. विहंगनं मोबाईलवर फोटो दाखवले. एकात उजाड माळावर पुरुषभर उंचीची दगडी अक्षरं उभी होती आणि लोक आपापल्या अक्षराशेजारी फोटो काढून घेत होते. विनोदिनीबाईंनी विचारलं, "तू कोण झाली होतीस लहानपणी?"

"फे. सगळ्यात शेवटी. खूप वेळ उभी होते. मला शू लागली होती."

ह्यावर विनोदिनीबाई हसल्या असत्या, पण काम राहिलं होतं. "हे सगळं ठीक. गोष्ट चांगली आहे. पण नाव मी ठेवणार. माझं नाव धोंडी होतं. धोंडी म्हणजे दगड. माझ्या सासूनं बदललं म्हणून मी आज विनोदिनी आहे. नाव देतात ते काढून घ्यायला नाही देत, पोरी."

पोर थांबली. हात कणकेत तसेच. "तुम्हाला दगड नको होता, आजी. मला माझं हवं आहे. माझं एका संत बाईचं नाव आहे. राजा तिला म्हणाला, लग्न कर. ती नाही म्हणाली."

"राजाला?"

"हो."

"मग?"

"मारलं तिला. नंतर राजा डुक्कर झाला."

विनोदिनीबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं. खरंच डुक्कर. रानात चरायचा. नंतर एका साधूनं बरा केला, मग देवाला लागला, देश सगळा ख्रिस्ती केला. पण आधी डुक्कर.

"सुनेचं नाव बदललं म्हणून नाही ना झाला?"

"नाही, आजी. तिला मारलं म्हणून."

"मग ठीक आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि उठल्या. बोलणं तिथे तुटलं, मिटलं नाही.

शुक्रवारी बापूनं मधला रस्ता काढला. तांदळात स्वानंदी लिहू, घरात स्वानंदी म्हणू, पासपोर्टवर तिचं तिचं राहू दे. "सगळे असंच करतात, आई."

"करा," अपूर्वा म्हणाली. तिनं सासूसमोर असं तोंड कधी उघडलं नव्हतं. "दोन नावं घेऊन एकदा बँकेत जाऊन बघा फक्त."

हृप्सिमे म्हणाली, साडी नेसेन, हिरवा चुडा भरेन, उखाणा पाठ केला आहे, उपास सांगाल ते करेन. नाव नाही. आणि खोटं खोटंही नाही. तांदळात लिहिलेलं खोटं चालतं का?

हा प्रश्न विनोदिनीबाईंना झोंबला. दुकान बापूचं झालं होतं. गॅस, डबे, दूधवाला अपूर्वाचे झाले होते. कपाटाच्या किल्ल्या कमरेला होत्या, पण कपाटाचं कुलूप गेल्या वर्षी बिघडलं ते कुणी दुरुस्त केलं नव्हतं. घरात त्यांचं म्हणून एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांना आयुष्यात शेवटचं करायचं होतं. विहंगला भाऊ नव्हता. हे नाव हिनं स्वतःच ठेवलं तर आपण ताटापाशी कशाला बसायचं?

रविवारी धारहून रुक्मिणीवन्सं आल्या. म्हणजे विनोदिनीबाईंच्या थोरल्या नणंद. त्यांचा नातू अंकित गाडी चालवत होता. सकाळचे विधी नीट पार पडले, जेवणं झाली, आणि वन्सं पूजेच्या खोलीत भांडी बघायला गेल्या. भांडी मांडली होती, पण नावं भिंतीकडे होती. वन्संनी घागर फिरवली.

"स्वानंदी," त्या म्हणाल्या. "छान. धारमध्ये सगळ्या म्हणत होत्या, गोरी सून आली, आता विनोदिनीची सत्ता संपली. मी म्हटलं थांबा गं, बघून येते आणि सांगते."

"बघा की," विनोदिनीबाई म्हणाल्या. "त्यासाठीच बोलावलंय."

संध्याकाळी पूजा झाली. ताटात तांदूळ पसरले. शेजारच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, दारात बापूचे दुकानवाले उभे होते. विहंगनं अंगठी हातात घेतली आणि आजीकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "हं, नाव सांगा."

विनोदिनीबाईंनी सुनेकडे बघितलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, मुंडावळ्या जरा वाकड्या. ती सरळ त्यांच्याकडेच बघत होती. चेहऱ्यावर विनंती नव्हती. विनंती असती तर विनोदिनीबाईंनी स्वानंदी म्हटलं असतं आणि विषय मिटवला असता. रागही नव्हता. पाटावर बसलेल्या त्या पोरीला जे म्हणायचं ते गुरुवारीच म्हणून झालं होतं, आणि आता ती फक्त बघत होती की ही बाई काय करते.

"नाव मी ठेवते आहे," विनोदिनीबाई मोठ्यानं म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐका, मागून कुजबुज नको. तिचं आहे तेच ठेवते आहे. विहंग, लिही. तिच्या अक्षरांत लिही."

खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. वन्संनी कानामागचा पदर पुढे घेतला.

"आहे तेच ठेवायचं, तर ठेवायला तू कशाला हवीस?"

प्रश्न बरोबर होता, आणि तो वन्संच विचारणार हेही बरोबर होतं. विनोदिनीबाई ताटासमोरून हलल्या नाहीत.

"वन्सं, तुमच्या आईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना धोंडा दिसला, त्यांनी झाकला. उपकार झाले. मी हिच्याकडे गुरुवारपासून बघते आहे. मला झाकायला काही सापडलं नाही. बघायचा हक्क माझा होता, तो मी वापरला. अजून काय हवं?"

वन्संना काहीतरी हवं होतं, पण ते लगेच आठवलं नाही. मग आठवलं. "आणि ही भांडी? घातलेलं नाव काय पुसणार आहेस?"

"तुमच्या अंकितचं त्या रुचीशी ठरतंय ना? घेऊन जा. सुनेचं नाव स्वानंदी ठेवा."

वन्संनी घागरीवर बोट वाजवून बघितलं. "तांबं आहे?"

"वजन करून घ्या."

वन्संचा विरोध तिथे संपला.

"आजी," दारातून अंकित म्हणाला, "रुचीला तरी पूछ लो, यार. ती नाही म्हणेल..."

"तू गप रे," दोघी म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या. सबंध आयुष्यात त्यांचं एखाद्या गोष्टीवर असं एकमत झालं नव्हतं.

विहंग लिहायला लागला. इतकी वर्षं तिकडे काढली, तिथला भाजीबाजार, बस, दवाखाना सगळं तोंडपाठ होतं. लिहिण्याची वेळ मोबाईलवरच यायची, तीही इंग्रजीत. पहिलं अक्षर त्यानं काढलं, ते खाली पडल्यासारखं दिसत होतं. हृप्सिमेनं तांदूळ तळव्यानं सारखे केले आणि पहिलीच्या पोराचं धरावं तसं त्याचं मनगट धरलं. दुसऱ्यांदा अक्षर उभं राहिलं. मग दुसरं, तिसरं. बायका पुढे सरकून बघत होत्या. गुरुजींनी चष्मा लावला.

"ही कुठली लिपी म्हणायची?"

"सोळाशे वर्षांची आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "एका कारागिरानं घडवली. राजा नदीपर्यंत सामोरा गेला होता."

"कारागिराला?"

"नाही. त्याचं तुम्हाला काय करायचंय?"

शेवटचं अक्षर झालं. अंगठी तांदळातच राहिली. आता रीतीप्रमाणे घरातल्या मोठ्या बाईनं सुनेच्या तोंडात साखर घालायची आणि नाव सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं. विनोदिनीबाईंनी वाटी घेतली, चिमूट उचलली. हे नाव त्यांनी आजवर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी श्वास घेतला, साखर सुनेच्या तोंडात घातली, आणि सबंध खोलीकडे मान फिरवून, दुकानात गिऱ्हाईकाला भाव सांगावा तशा आवाजात नाव सांगितलं.

ते जरा चुकलं. चूक कळेल अशी खोलीत दोनच माणसं होती. एक नवरा होता, आणि तो ह्या चार दिवसांत गप्प बसायला शिकला होता. दुसरीच्या तोंडात साखर होती.